आतड्याचं माणूस

आमच्या घरात ग्रीक भाषा यायची ती रविवारच्या मटणाच्या पिशवीतून. आम्ही ख्रिस्ती, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देऊळ सुटलं की बाबा परस्पर मटणाच्या दुकानात जायचे आणि मटणाबरोबर रक्तीही घेऊन यायचे. कोल्हापूरकराला रक्ती सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: बकऱ्याचं रक्त आणि आतडी, झणझणीत परतलेली. आई परातीत पाणी घेऊन ती आतडी धुवायला बसली, की बाबा पायजमा सावरत तिच्यासमोर उकिडवे बसायचे आणि एक आतडं बोटावर उचलून मला दाखवायचे.

"हे बघ, याला म्हणायचं स्प्लांख्ना. काळीज, फुप्फुसं, आतडी, पोटातला सगळा ऐवज. ग्रीक लोक देवाला बळी द्यायचे ना, तेव्हा हेच आधी भाजून खायचे."

"आधी धुवू द्या, मग शिकवा तुमचं ग्रीक," आई म्हणायची. "पोरगी जेवायची न्हाय अशानं."

मी जेवायची, आणि चांगली चाटूनपुसून जेवायची. शब्द मात्र माझ्या तोंडात बसायचा नाही. या स्प्लांख्नापासून झालेला आणखी एक शब्द शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत आहे, तो बाबांचा सगळ्यांत लाडका: स्प्लांख्निझोमाई. तो म्हणताना माझे दात पडायची वेळ यायची, आणि बाबा हसून पुन्हा म्हणायला लावायचे.

बाबा हायस्कुलात मराठी आणि इंग्रजी शिकवायचे. तरुणपणी त्यांना पाळक, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, व्हायचं होतं. त्यासाठी ते बाहेरगावी राहून ग्रीक शिकले. मग आजोबा-आजी एकापाठोपाठ एक गेले, घरात लहान बहीण एकटी उरली, आणि बाबा शिक्षण अर्धवट टाकून कोल्हापूरला परतले. नोकरी धरली, बहिणीला शिकवलं. पाळकपण राहिलं ते राहिलंच, पण ग्रीक काही सुटलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत ते शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घ्यायचे. पंचवीसएक माणसं यायची, त्यांत निम्म्या बायका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठलाही विषय निघालेला असो, फिरून फिरून हा शब्द यायचाच.

मराठी शास्त्रात त्या जागी 'कळवळा' आहे. बाबांचं म्हणणं असं की भाषांतर चोख आहे, पण आपणच तो कळवळा पातळ करून ठेवलाय. "निवडणूक आली की पुढाऱ्यालाही जनतेचा कळवळा येतो," ते म्हणायचे आणि वर्ग हसायचा. मूळ शब्दातला कळवळा तसला नाही. तो पोटात होतो. आपण म्हणतो ना, आतडं तुटलं, पोटात कालवलं, तसा. इंग्रजांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला नुसता आठवून द्यावा लागतो, असं म्हणताना त्यांना फार आनंद व्हायचा, जणू भाषा त्यांनीच केली होती. दया माणूस विचार करून करतो, हे त्याच्या आधी होतं, असं ते सांगायचे. आणि जिवाभावाच्या माणसालाही तोच शब्द. तुरुंगात पडलेला म्हातारा प्रेषित पळून आलेल्या एका गुलामाला त्याच्या धन्याकडं परत पाठवताना म्हणतो, की हा आला म्हणजे माझी आतडीच तुझ्याकडं आली असं समज.

"आपल्यात काय म्हणतात?" बाबा पोटावर हात ठेवून विचारायचे. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "आतड्याचं माणूस."

मला या शब्दाचा राग आहे. अजूनही आहे. कारण त्या सुरात सूर मिसळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की बाबांचं आतड्याचं माणूस गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात राहतंय, आणि बाबांनी तिच्या दारात कधी पाऊल टाकलेलं नाही.

ती माझी आत्या. बाबांनी पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण. ती नर्स झाली, इस्पितळात लागली, आणि तिथं आपल्या आजारी आईजवळ बसून राहणाऱ्या एका लिंगायत माणसाशी तिचं जमलं. त्याची शेती होती, गुऱ्हाळ होतं, बोलायला मऊ होता. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. आत्यानं लग्न तर ठरवलंच, वर त्यांच्या रीतीनं गळ्यात लिंगही बांधून घ्यायचं ठरवलं. बाबा तेव्हा मंडळीचे वडील होते, म्हणजे देवळाच्या कारभारातले. लोक तोंडावर गोड बोलून पाठीमागं काय बोलत असतील याचा त्यांना घोर लागला. पण खरं दुखणं ते नव्हतं. तिनं आपल्याला विचारलं नाही, ठरवून मग सांगितलं, हे त्यांना लागलं. मला वाटतं, तिनं मटण सोडलं हेही त्यांना लागलं.

मी चौथीत होते. स्वयंपाकघरात चटणीची मिरची निवडायला बसले होते, म्हणून सगळं ऐकलं. एरवी बाबा बोलायचे ते वर्गातलं, छापील मराठी. संतापले की मात्र अस्सल कोल्हापुरी बाहेर यायची.

"आपल्या पायानं चाललीयास," ते म्हणाले. "येशील तवा आपल्या पायानं ये. माझं दार उघडं हाय."

आत्या रडली नाही. म्हणाली, "लेक माहेरला आपण होऊन येत न्हाय, दादा. मूळ धाड, मी येईन. कुणाला तरी धाडू नको. तूच ये न्यायला."

आम्ही ख्रिस्ती असलो तरी रीतीभाती इथल्याच. लग्न झालेली लेक सणासुदीला माहेरी येते ती कुणीतरी न्यायला गेल्यावर. त्या न्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात, आणि त्याला पाठवणं म्हणजे मूळ धाडणं. बहुतेक वेळा भाऊच मुराळी. जी लेक न बोलावता, न नेता, पिशवी घेऊन दारात उभी राहते, तिचं सासरी काहीतरी बिनसलंय असं आळी धरून चालते. शिवाय तिचा मानही जातो. तेव्हा आत्यानं मागितलं ते काही जगावेगळं नव्हतं. मला परकी करू नका, सासरी गेलेली लेक समजा, एवढंच ती म्हणत होती.

बाबांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट पक्की बसली होती. शास्त्रात एका बापाची गोष्ट आहे, ती ख्रिस्ती नसलेल्यांनीही ऐकलेली असते. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, उधळतो, भुकेकंगाल होऊन परत येतो, आणि बाप त्याला लांबून बघूनच धावत सुटतो. त्या बापाला जे होतं, त्याला तोच शब्द आहे. वर्गात ही गोष्ट आली की बाबा बापाच्या धावण्याबद्दल फार सुंदर बोलायचे. त्या काळी प्रतिष्ठित म्हातारा माणूस धावायचा नाही, अंगरखा वर करून पळणं म्हणजे हसं करून घेणं, असं सगळं. आणि मग बोट वर करून म्हणायचे, "पण एक ध्यानात घ्या. घराच्या वाटेला आधी मुलगा लागला होता."

बायका पदराशी चाळा करायच्या. आई मात्र माझ्याकडं बघून ओठ मुडपायची.

घरी येताना ती बोलायची. "तो पोरगा हुता वो. पोरग्याला मुराळी लागत न्हाय. ही पोरगी हाय."

"गोष्टीत मुलगा-मुलगी असा प्रश्न नाही."

"मग तुमच्या बहिणीला जाऊन सांगा तसं. तेवढ्यासाठी तरी जा."

बाबा पुढं चालू लागायचे. याच शब्दाचं आणखी एक ठिकाण आहे. भाऊ अडचणीत दिसत असताना जो आपली आतडी त्याच्यापासून बंद करून घेतो, त्याला तिथं चांगलं खडसावलेलं आहे. ते ठिकाण वर्गात आलं की बाबांना नेमका खोकला यायचा. आई म्हणायची, "आता पाणी प्या, आणि वाचा पुढचं." वर्गाला वाटायचं ती नवऱ्याची काळजी घेतेय.

पहिल्या दिवाळीला आत्याच्या गावाकडचा एक माणूस कामाला म्हणून कोल्हापुरात आला होता, तो घरी डोकावला. चहा पिता पिता म्हणाला, "बाई बाहेर कट्ट्यावर बसत्यात संध्याकाळी. एस्टी आली की उठून बघत्यात. कोण जाणार हाय का हिकडनं?" बाबांनी त्याला आग्रहानं दुसरा कप चहा दिला आणि म्हणाले, दार उघडं आहे म्हणून सांगा. तो माणूस गेला. पुढच्या दिवाळीला आला नाही.

दार खरंच उघडं असायचं, यात खोटं काही नाही. संध्याकाळी दिवे लागले तरी बाबा दार लावू द्यायचे नाहीत. डास यायचे, आई वैतागायची. मला लहानपणी त्या उघड्या दाराचं कौतुक वाटायचं. मोठी झाल्यावर मला ते दार बघवेना.

वर्षं गेली. असं एका वाक्यात म्हणताना लाज वाटते, पण वर्षं अशीच जातात, एका वाक्यात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. आत्याला मुलगा झाला, तो मोठा झाला, गुऱ्हाळ बघू लागला. आत्याचे यजमान गेले तेव्हा आई आणि मी गेलो. मयताला आमंत्रण लागत नाही, तिथं कुणाचा मानपान आडवा येत नाही. बाबांना तेवढी तरी वाट मोकळी होती. त्यांनी ताप आल्याचं सांगितलं. ताप होताही थोडा.

आम्ही जीपमधून उतरलो. आत्या ओसरीवर बायकांच्या गराड्यात बसलेली होती. तिनं आईला बघितलं, मला बघितलं, आणि मग मान उंच करून जीपकडं बघितलं, आणखी कोण उतरतंय का. ड्रायव्हरनं दार लावून घेतलं, तेव्हा तिनं मान खाली घातली. आईनं तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. नवऱ्यासाठी किती आणि त्या जीपसाठी किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि मग आई गेली.

आई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली. तिकडून गाड्या भरून माणसं आली, देवळातली आली, बाबांचे विद्यार्थी आले. आमच्या स्मशानभूमीत माती द्यायची वेळ झाली तेव्हा मी समोर बघितलं, तर खड्ड्याच्या पलीकडच्या अंगाला आत्या उभी. पांढरे झालेले केस, कपाळाला विभूती, अंगावर साधी सुती साडी. शेजारी तिचा मुलगा. ती कधी आली कुणालाच कळलं नव्हतं. वहिनीसाठी ती न बोलावता आली होती, जसं यायचं असतं तसं.

बाबांनी तिला बघितलं. मी त्यांचा दंड धरून उभी होते, दंडातून मला कळलं. दोघांच्या मधे फक्त उकरलेली माती होती. प्रार्थना संपली, लोकांनी मुठी मुठीनं माती टाकली, आत्यानंही वाकून टाकली, आणि ती सरळ होऊन तशीच उभी राहिली. लोक पांगायला लागले तरी उभीच. मी बाबांना म्हटलं, "बाबा, जा." ते हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. पोटात काय चाललं असेल ते मी सांगू शकते, कारण त्याचं वर्णन मी पन्नास वेळा ऐकलेलं होतं. पण पाय जागचे हलले नाहीत. शेवटी तिच्या मुलानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती दोघं फाटकाकडं निघून गेली.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "घरी आली नाही बघ ती. दार उघडं होतं."

मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी त्यांची बायको गेली होती, म्हणून मला थांबायला हवं होतं असं लोक म्हणतील. म्हणोत. माझीही आई गेली होती.

त्यानंतर बाबांचे डोळे अधू होत गेले. वर्गही ओसरला, पंचविसाची पाच माणसं झाली. परवाच्या हिवाळ्यात पाळकसाहेबांनी फार सांभाळून सांगितलं, की आता खोली मुलांच्या गाण्याच्या सरावाला लागेल. बाबा एवढंच म्हणाले, "शेवटचा वर्ग घेतो एक." विषय कुठला ते मी विचारलं नाही. ते म्हणाले, "मला दिसत नाही. तू वाच. तो शब्द शुभवर्तमानांत जिथं जिथं आलाय, ते सगळं ओळीनं वाच."

मी एका रविवारी दुपारी वाचायला बसले. त्यांना ते सगळं पाठ होतं, म्हणजे त्यांच्या क्रमानं पाठ होतं, त्यांना हवं तिथं थांबून. मी मात्र ग्रंथालयातल्या माणसासारखं वाचत होते, पहिल्यापासून, एकही न गाळता. शब्द आला की मी थांबायची आणि ते म्हणायचे, "पुढं?"

पुढं मी वाचत जायची. महारोग्याला बघून प्रभूला कळवळा आला. पुढं? त्यानं हात लांब करून त्याला शिवलं. विधवेच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी निघाली होती, तिला बघून कळवळा आला. पुढं? त्यानं जाऊन तिरडीला हात लावला, खांदेकरी थांबले. बाईनं काही मागितलं होतं? नाही, ती बोललीसुद्धा नव्हती. वाटेत मारून अर्धमेला टाकलेल्या माणसाला बघून परजातीच्या वाटसरूला कळवळा आला. पुढं? जवळ गेला, जखमा बांधल्या. उपाशी गर्दी बघून आला. पुढं? जेवू घातलं. धावणारा बाप तर होताच. मी वाचत गेले आणि ते पुढं, पुढं म्हणत गेले, आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला.

मी पुस्तक मिटलं. चहा ठेवायला उठले.

"थांब," ते म्हणाले. "यांत असा एक तरी आहे का, की ज्याला कळवळा आला आणि तो उभाच राहिला?"

मी म्हटलं, "नाही."

"एकदा बघ परत."

मी परत बघितलं. एकही नव्हता. बाबांनी पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, "जन्मभर मी या शब्दाचं पोट फाडून बघत बसलो. त्याला पाय आहेत हे मला दिसलंच नाही." त्यांना रडू येईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "न्यायला जायचं तर साडी लागेल ना? रिकाम्या हातानं मुराळी जात नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाहूपुरीतल्या दुकानात गेलो. बाबांनी काठ बोटांनी चाचपून इरकल निवडली. दुकानदारानं विचारलं, "आजोबा, रंग कुठला दाखवू? बहिणीला काय आवडतं?" बाबा माझ्याकडं वळले, आणि मी कधी न बघितलेला त्यांचा चेहरा तेव्हा बघितला. मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी आम्ही मोरपंखी घेतली, कारण ती कुणाच्याही अंगावर वाईट दिसत नाही.

आत्याच्या मुलाला फोन करून कळवलं होतं. कागल, निपाणी करत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत्या ओसरीवर सुपात शेंगा निवडत बसली होती. गाडी थांबली तरी तिनं हातातली मूठ पुरी निवडली, मग उठली.

"या, बसा," ती बाबांना म्हणाली. "लांबनं आलासा. पाणी द्या गं पावण्यांस्नी."

बाबा उभेच होते. तिच्या तोंडात त्यांच्यासाठी जन्मभर 'तू' होतं; हे 'आलासा' ऐकून ते गडबडले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि घरून पाठ करून आणल्यासारखं म्हणाले, "मी तुला न्यायला आलोय. कुणाला धाडलं नाही. मी स्वतः आलोय."

आत्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कडवटपणा नव्हता, खरंच नव्हता. "बरं केलासा," ती म्हणाली. "आधी बसा तरी."

पोहे झाले, चहा झाला. सुनेनं प्रेमानं वाढलं. बाबांनी परत विषय काढला, तेव्हा आत्या सूप बाजूला ठेवून बोलली. "हे बघा, माझा तुमच्यावर राग न्हाय. लई वर्सं हुता, आता न्हाय. दर दिवाळीला मी वाट बघितली. ह्यांच्या मयताला बी बघितली. वहिनीच्या मातीला आलते, तवा म्हटलं, आता हा माणूस हिकडं येतोय. एवढी माती वलांडून येतोय. न्हाय आलासा. तिथनं परत आले त्या दिवशी सगळं गेलं बघा. राग गेला, वाट बघायचं बी गेलं. लई बरं वाटलं. तवापासनं मला झोप लागती."

"चार दिवस तरी चल," बाबा म्हणाले. "घर बघ."

"शेंगा पडल्यात. नातवाची शाळा हाय. आता कुठं यिऊ?" ती अगदी साधेपणानं म्हणाली, जसं आपण शेजारणीला आज बाजाराला जमायचं नाही म्हणून सांगतो. ती नाटक करत असती, रुसली असती, तर बाबांनी पाय धरले असते. रुसव्याला उपाय असतो. इथं काही धरायलाच नव्हतं.

साडी तिनं घेतली. "कशाला एवढी भारीतली," म्हणाली आणि घडी न मोडता सुनेच्या हातात दिली. आम्ही निघालो तशी सुनेला म्हणाली, "पावण्यांस्नी टॉवेल-टोपी करा." सून आतून टॉवेल, पांढरी टोपी आणि कुंकवाची कुयरी घेऊन आली, आणि बाबांसमोर उभी राहून बोट कुंकवात बुडवू लागली. ओसरीवरून आत्यानं तिला थांबवलं.

"टिळा नको गं. त्यांच्यात लावत न्हाईत. नुसतं हातात दे."

गाडीत बाबा टॉवेल-टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं पुरवून पुरवून ठेवलेला राग होता माझ्याकडं, पण तो येईना. पोटात नुसतं कालवत होतं.

निपाणी मागं पडल्यावर ते म्हणाले, "लहानपणी आम्ही कुणाकडं कार्याला गेलो आणि कुणी टिळा लावायला आलं, की ती माझ्या पाठीमागं लपायची. स्वतः बोलायची नाही. माझा सदरा ओढून मला सांगायला लावायची. 'सांग की दादा, आपल्यात लावत न्हाईत.'"